जुन्या सीपीयूवर लिनक्स मिंट: मराठी लिहिणाऱ्या घरातले एक परीक्षण

आमच्या कोथरूडच्या घरी बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात २०१२ साली घेतलेला एक संगणक आहे. आतला प्रोसेसर आणि बाहेरची पत्र्याची पेटी असा भेद न करता घरातली सगळी मंडळी त्याला 'सीपीयू' म्हणतात. दुसऱ्या पिढीचा इंटेल कोअर आय-३ प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबी रॅम आणि पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क, अशी त्याची मूळची कुंडली. तो वापरतात माझे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्या सहकारी गृहरचना संस्थेची कागदपत्रे तेच सांभाळतात, आणि सभेची सूचना, इतिवृत्त, थकबाकीची पत्रे असे सगळे लेखन याच यंत्रावर मराठीतून करतात. गेल्या ऑक्टोबरात या संगणकावरचे विंडोज १० काढून त्यावर लिनक्स मिंट २२.२ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर लिहिलेले हे परीक्षण आहे.

निकष सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण बहुतेक परीक्षणांत यंत्र किती सेकंदांत सुरू होते यालाच सगळे गुण दिलेले असतात. आमच्याकडे कसोटी दोन गोष्टींची होती. वीस वर्षांपूर्वीपासूनचे मराठी दस्तऐवज उघडून वाचता आले पाहिजेत, आणि नवे मराठी लेखन वडिलांना कोणालाही हाक न मारता करता आले पाहिजे. वेग त्यानंतर.

बदल करावा लागला त्याचे कारण उघड होते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. आमचा दुसऱ्या पिढीतला, म्हणजे तो या पंक्तीत बसण्याचा प्रश्नच नव्हता. घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, सुरक्षा-अद्यतने मिळण्याची सोय कंपनीने ठेवली आहे, पण त्यामुळे निर्णय एक दिवाळी पुढे ढकलला जातो इतकेच. टीपीएमची अट चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढवण्याच्या युक्त्याही आहेत. अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळतीलच याची हमी मात्र खुद्द मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि ज्या संगणकावर वडील बँकेचे व्यवहार करतात त्यावर असा खेळ करायला मी तयार नव्हते. राहता राहिला गल्लोगल्ली मिळणारा पर्याय. "पाचशे रुपयांत फॉरमॅट मारून देतो, विंडोज टाकतो, ऑफिससकट" असे एका दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितले. परवान्याचे काय, असे विचारल्यावर पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग "ते काय बघायचं नसतं, मॅडम" असे उत्तर आले. तो विषय तिथेच संपला.

'फॉरमॅट मारणे' या शब्दप्रयोगाची आमच्या घरात धास्ती आहे आणि तिला इतिहास आहे. २०१९मध्ये संगणक बिघडला तेव्हा एका तंत्रज्ञाने तो नेला आणि दुसऱ्या दिवशी चकाचक करून आणून दिला. 'डी' ड्राइव्हवरच्या सर्व फाइली सुखरूप होत्या, त्यामुळे त्याने केलेला "तुमचा डेटा जसाच्या तसा आहे" हा दावा शब्दशः खरा होता. वडिलांनी संस्थेचे २००६चे इतिवृत्त उघडले, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे आणि वर टिंबे दिलेले परदेशी स्वर यांची खिचडी आली. फाइल बिघडलेली नव्हती. ती ज्या फाँटात टाइप केली होती तो फाँट 'सी' ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फाँट्स फोल्डरात होता, आणि 'सी' ड्राइव्ह पुसला गेला होता.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारा जागतिक संकेत, रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन ज्या फाँटांवर चाले, त्यांची रचना माहीत असल्याशिवाय हा घोटाळा ध्यानात येत नाही. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची वळणे बसवलेली असत. संगणकाच्या लेखी त्या फाइलीत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. अमुक फाँट लावला तरच ती आपल्याला 'सभेची सूचना' म्हणून दिसतात. फाँट गेला की मजकूर शाबूत राहूनही मुका होतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१पासून स्थान आहे आणि विंडोज २०००पासून 'मंगल' हा युनिकोड फाँट सोबत येऊ लागला, पण पुण्यातल्या टायपिंगच्या दुकानांत, छापखान्यांत आणि आमच्यासारख्या घरांत जुन्या फाँटांचा अंमल त्यानंतर बरीच वर्षे टिकला. २०१९च्या त्या प्रसंगानंतर एका जुन्या सीडीवरून तीनपैकी दोन फाँट परत मिळाले. तिसरा मिळाला नाही.

त्यामुळे या वेळी कामाची सुरुवात फाँटांपासून केली. विंडोज अजून चालू होते तेव्हाच फाँट्स फोल्डरातल्या सर्व फाइली एका पेनड्राइव्हवर आणि वडिलांचे डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स ही दोन फोल्डरे दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. 'डी' ड्राइव्ह सुरक्षित असतो अशी आपल्याकडे एक लोकश्रद्धा आहे. ती अर्धीच खरी आहे, कारण माणूस फाइल जतन करतो ती बहुधा डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो 'सी'वर. ब्राउझरमधल्या खुणा आणि साठवलेले पासवर्डही काढून घेतले. या सगळ्याला दोन संध्याकाळी लागल्या. पुढे प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन वीस-पंचवीस मिनिटांत झाले, यावरून खरे काम कुठे असते ते ध्यानात यावे.

संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकली होती, त्यामुळे ऑक्टोबरात संगणक एक-दोन दिवस बंद राहिला तरी चालण्यासारखे होते. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा पुण्यातला जुना शिरस्ता लक्षात घेऊन मुहूर्त रविवारचा धरला. घरात दिवाळीची आवराआवर चालूच होती, तेव्हा सीपीयूचे झाकण उघडून तेरा वर्षांची धूळ काढण्यावर आईने पहिल्यांदाच काही आक्षेप घेतला नाही.

यंत्राच्या आत तीन बदल केले. पाचशे जीबीच्या फिरत्या डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली जलद डिस्क) बसवली, रॅम चाराची आठ जीबी केली, आणि मदरबोर्डवरची रुपयाच्या नाण्याएवढी सीआर-२०३२ बॅटरी बदलली. एच-६१ चिपसेटवर साटा जोडणीचा, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीचा, वेग सेकंदाला तीन गिगाबिटांपुरताच असतो, त्यामुळे नव्या एसएसडीला त्यावर पूर्ण धावता येत नाही, अशी शंका दुकानदाराने बोलून दाखवली आणि ती बरोबर होती. तरीही फिरत्या डिस्कच्या तुलनेत फरक इतका मोठा आहे की दोन्हींत ज्याला एकच गोष्ट परवडते, त्याने रॅमच्या आधी एसएसडी घ्यावी, असे मी निःशंकपणे सांगेन.

बॅटरीचे प्रकरण जरा वेगळे आहे. गेले वर्षभर वडिलांची तक्रार होती की बँकेचे संकेतस्थळ सकाळी उघडत नाही आणि 'जोडणी सुरक्षित नाही' असे सांगते. आम्ही दोष बँकेला देत होतो. खरी गोष्ट अशी की रात्री मुख्य बटण बंद केल्यावर मदरबोर्डवरचे घड्याळ या छोट्या बॅटरीवर चालते. ती संपली की यंत्र सकाळी उठते ते कित्येक वर्षे मागच्या एखाद्या तारखेला, आणि संकेतस्थळाचे सुरक्षा-प्रमाणपत्र त्या तारखेच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेले नसते. तपकीर गल्लीतून आणलेल्या पन्नास रुपयांच्या आतल्या बॅटरीने तो प्रश्न मिटला. दोष बॅटरीचा होता, ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हता, म्हणून मिंटच्या खात्यावर हे गुण मी जमा करत नाही.

मिंटच्या तीन आवृत्त्या मिळतात: सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. तिघींचा गाभा एकच, फरक डेस्कटॉपच्या रूपात आणि तो खात असलेल्या मेमरीत. जुन्या यंत्रासाठी एक्सएफसीई घ्यावी हे जवळजवळ सर्वमान्य आहे आणि आम्हीही तीच घेतली. मिंटची प्रत्येक आवृत्ती एखाद्या स्त्रीचे नाव घेऊन येते. २२ क्रमांकाची 'विल्मा' होती आणि आमची २२.२ 'झारा' आहे. हिचा पाया उबुंटू २४.०४ ही दुसरी लिनक्स प्रणाली असून २२ मालिकेला २०२९पर्यंत सुरक्षा-अद्यतने मिळणार आहेत. वडिलांना यातला शेवटचा भाग आवडला. "म्हणजे चार वर्षं तरी माझ्या मागे लागणार नाहीस," असे ते म्हणाले.

डाउनलोड केलेली फाइल तीन जीबीच्या आसपास असते. तिची शा-२५६ बेरीज (फाइलीत काही फेरफार झाला आहे का हे दाखवणारी अंक-अक्षरांची लांब खूण) मिंटच्या संकेतस्थळावर दिलेल्या बेरजेशी ताडून पाहण्याची पायरी बरेच जण गाळतात. ती गाळू नये, आणि याला कारण आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्याच संकेतस्थळात घुसून कोणीतरी डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि त्या दिवशी काही लोकांनी चोरदरवाजा असलेली प्रत उतरवून घेतली होती. प्रकल्पाने ते स्वतःहून ताबडतोब जाहीर केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. ताडणीला दोन मिनिटे लागतात.

त्यानंतर रूफस या छोट्या प्रोग्रॅमने आठ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल, म्हणजे संगणक त्यावरूनच सुरू होईल असा, केला. इथे एक चूक माझी स्वतःची. पेनड्राइव्ह सीपीयूच्या पुढच्या बाजूच्या खाचेत लावला आणि यंत्र तो ओळखेना. अर्धा तास बायोसमधला, म्हणजे यंत्र कशावरून सुरू व्हावे हे ठरवणारा, क्रम खालीवर करून पाहिल्यावर लक्षात आले की पुढच्या खाचेची आतली वायरच सैल आहे. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत लावल्यावर पहिल्याच फटक्यात मिंटचा पडदा आला. जुन्या यंत्रावर हे काम करणाऱ्याने मागची खाच वापरावी.

मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. ही सोय फार मोलाची आहे. आम्ही तासभर तसेच चालवून पाहिले: आवाज येतो का, इंटरनेट लागते का, पडद्याची मापे बरोबर आहेत का. मदरबोर्डसोबत आलेली ड्रायव्हरची सीडी वडिलांनी कपाटातून जपून काढून ठेवली होती. तिची गरज पडली नाही, कारण इतक्या जुन्या इंटेल यंत्राला लागणारे सगळे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. भाषा, कळफलक, चित्रफितींसाठी लागणारे कोडेक हवेत का हा प्रश्न (त्यावर खूण करावी), डिस्क, नाव आणि पासवर्ड. वेळेसाठी नकाशावर पुणे शोधायला गेलात तर कोलकाता निवडावे लागते, कारण भारतीय प्रमाणवेळेचे जागतिक यादीतले नाव तेच आहे.

मात्र डिस्कविषयी एक खबरदारी आग्रहाने सांगते. 'डिस्क पुसून मिंट टाका' हा पर्याय समोर येतो तेव्हा यंत्राला जुनी डिस्क जोडलेलीच नसावी. आम्ही तिची साटा केबल आधीच उपसून ठेवली होती. चुकीचे बटण दाबले गेले तरी पुसण्यासारखे तिथे काही नाही, या एका विचाराने वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा झाला. नंतर जुनी डिस्क परत जोडली तेव्हा मिंटने ती उघडली, पण केवळ वाचण्यापुरती. विंडोज १० बंद करताना ते पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून ही योजना असते, आणि तशा अवस्थेतल्या डिस्कवर मिंट काही लिहीत नाही. शेवटच्या वेळी विंडोज बंद करताना शिफ्टची कळ दाबून ठेवली असती तर हे झाले नसते. फाइली उतरवून घ्यायला मात्र वाचणे पुरेसे होते. ती डिस्क आता तारीख लिहून कपाटात ठेवली आहे.

आता मुख्य कसोटी. फाँटांची फोल्डरे वडिलांच्या होम फोल्डरातल्या फाँटांच्या जागी टाकली, लिबरऑफिस हा मोफत ऑफिस-प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला आणि २००६चे ते इतिवृत्त उघडले. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' ही ओळ जशीच्या तशी आली. जुन्या फाँटांतल्या साठ-सत्तर फाइली एकामागून एक उघडून पाहिल्या. परत मिळालेल्या दोन फाँटांतल्या सर्व फाइली नीट दिसतात आणि छापल्याही जातात. हे काम विंडोजवरही असेच झाले असते, पण लिनक्सवर जुने मराठी फाँट चालत नाहीत असा जो समज मला चार ठिकाणी ऐकायला मिळाला तो निराधार आहे, एवढे निश्चित.

खरी अडचण उलट बाजूने आली. विंडोजवर 'मंगल' फाँटात, म्हणजे युनिकोडात केलेल्या अलीकडच्या फाइली अगदी व्यवस्थित उघडल्या, पण मंगल हा मायक्रोसॉफ्टचा फाँट मिंटसोबत येत नाही, आणि त्याच्या जागी दुसरा फाँट आला की ओळींची उंची बदलते. गेल्या वर्षीचे नऊ पानांचे इतिवृत्त दहा पानांचे झाले आणि सह्यांची जागा एकटीच दहाव्या पानावर जाऊन बसली. इंग्रजी मजकुरात हा प्रश्न येत नाही, कारण टाइम्स न्यू रोमन, कॅलिब्री वगैरे फाँटांना अक्षरांच्या मापात तंतोतंत जुळणारे मुक्त पर्याय उपलब्ध आहेत. मंगलला तसा जुळा भाऊ नाही. शेवटी आम्ही 'मुक्ता' हा मुक्त परवान्याचा देवनागरी फाँट घेतला, ओळींमधले अंतर एकदा बांधून घेतले आणि संस्थेच्या पत्रांसाठी तोच कायम केला. 'मुक्ता' मंगलपेक्षा दिसायला कितीतरी चांगला आहे. मंगलमधली छापील पत्रे मला नेहमीच वीजबिलासारखी वाटत आली आहेत.

लेखनाविषयी वडिलांच्या मनात धाकधूक होती. ते इनस्क्रिप्टवर टाइप करतात. १९९१च्या भारतीय मानकात नोंदवलेली ही मांडणी आहे: स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. ज्या पुण्यात सी-डॅकने १९८८पासून भारतीय भाषांच्या संगणकीय लेखनासाठी इतके काम केले, त्या पुण्यातही हा कळफलक शिकण्याचा लोक कंटाळा करतात आणि इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, असे वडिलांचे नेहमीचे गाऱ्हाणे. मिंटमध्ये कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांच्या यादीत मराठी सापडते. इंग्रजी आणि मराठी यांत अदलाबदल करण्यासाठी दोन कळांची जोडी ठरवून दिली की झाले. वडिलांनी टीव्हीएस गोल्डच्या खडखडाटी कळफलकावर चाचणीसाठी पहिला शब्द टाइप केला तो 'पायऱ्या'. त्यातला अर्धा र, म्हणजे ज्याला ते 'डोक्यावर न जाणारा र' म्हणतात, तो इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह 'जे'च्या कळेवर असतो. तो नीट उमटला. मग 'दऱ्या', 'सुऱ्या', मग मुद्दाम 'आर्या'. ते खुर्चीत मागे टेकून बसले तेव्हाच मी हुश्श केले. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी उच्चारानुसारी मांडणीही त्याच यादीत आहे, पण तिची कसोटी आमच्याकडे कोणी घेतली नाही.

जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडात आणण्याचाही प्रयत्न केला. त्यासाठीची परिवर्तके मिळतात आणि ती नव्वद टक्के काम बरे करतात. उरलेल्या भागात मराठीचा बळी जातो. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होत असे, म्हणजे क्रम डोळ्यांना दिसतो तसा. युनिकोडात क्रम उच्चाराप्रमाणे असतो. ज्या शब्दात वेलांटी आणि रफार एकत्र येतात तिथे परिवर्तक गोंधळतो, आणि 'वार्षिक'चे 'वाषिर्क' व 'आर्थिक'चे 'आथिर्क' होते. कित्येक छापील मजकुरांतही हे रूप सापडते. आता ते कुठून आले असावे याचा अंदाज बांधता येतो. आमच्या प्रत्येक इतिवृत्ताच्या पहिल्या ओळीतच 'वार्षिक' असल्यामुळे शोधा-आणि-बदलाचा हुकूम फार वेळा द्यावा लागला नाही. हा दोष मिंटचा नाही, पण जो कोणी या निमित्ताने जुने कागद नव्या लिपीसंकेतात आणायला निघेल, त्याने पुन्हा वाचण्यासाठी वेळ राखून ठेवावा.

वेगाबद्दल आता थोडक्यात. पूर्वी वडील बटण दाबून वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि पहिले पान संपेपर्यंत यंत्र कामाला येई. आता अर्ध्या मिनिटाच्या आसपास डेस्कटॉप समोर येतो आणि सर्व प्रोग्रॅम बंद असताना मेमरी एक जीबीच्या आगेमागेच खर्च होते. ब्राउझरमध्ये दहा-बारा पाने उघडी असली तरी अडखळत नाही. यूट्यूबवर मात्र पूर्ण एचडी चित्रफीत लावली की पंख्याचा आवाज वाढतो आणि चित्र मध्येच धक्के खाते. त्याचे कारण असे की यूट्यूब हल्ली ज्या नव्या पद्धतींनी चित्र दाबून पाठवते, ती उलगडण्याची सोय २०११च्या काळातल्या या ग्राफिक्समध्ये नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. दर्जा ७२०वर आणला की सुरळीत चालते. कीर्तन ऐकायला तेवढे पुरते, असे आईचे मत आहे.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो प्रिंटरने. आमचा लेझर प्रिंटर एका मोठ्या कंपनीचा आणि जुना आहे. या जातीच्या प्रिंटरांना स्वतःची पूर्ण अक्कल नसते. प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाने त्यांना एक छोटी फाइल पाठवावी लागते, तेव्हा कुठे ते जागे होतात. मिंटने प्रिंटर लगेच ओळखला, नावही अचूक दाखवले, आणि कागद मात्र बाहेर पडेना. ती बंदिस्त फाइल स्वतंत्रपणे उतरवून घ्यावी लागते हे समजायला एक अख्खी संध्याकाळ गेली. ती घेतल्यापासून छपाई सुरळीत आहे. प्रिंटर विकत घेण्यापूर्वी तो लिनक्सवर चालतो का, हे पाहण्याची तसदी तेरा वर्षांपूर्वी आमच्यापैकी कोणी घेतली नव्हती, आणि घेण्याचे तेव्हा कारणही नव्हते.

बँकेचे व्यवहार, आयकराचे विवरणपत्र, वीज व मालमत्ता कराचा भरणा आणि व्हॉट्सॲप या सर्वांचे काम ब्राउझरमधून होते आणि त्यात कुठे अडले नाही. टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने दर आठवड्याला यंत्रणेची एक प्रत ठेवण्याची सोय पहिल्याच दिवशी लावून दिली. तिसऱ्या आठवड्यात वडिलांनी खालची पट्टी चुकून घालवून टाकली, तेव्हा तिची आठवण झाली. पण पट्टी परत आणायला एवढ्या मोठ्या शस्त्राची गरज नव्हती. फायरवॉल मात्र मिंटमध्ये आपोआप चालू नसते. ती एकदा जाऊन चालू करावी लागते, आणि ज्या प्रणालीची शिफारस नवख्यांना केली जाते तिच्यात असे असावे हे मला पटत नाही.

कोणासाठी हे नाही, तेही सांगायला हवे. ज्यांचा हिशेब टॅलीत आहे त्यांनी मिंटकडे वळू नये. ते विंडोजसाठीच आहे, आणि वळसे घालून चालवलेल्या हिशेबावर लेखापरीक्षणाच्या दिवशी विसंबणे शहाणपणाचे नाही. आमच्या संस्थेचा हिशेब सनदी लेखापालांच्या कार्यालयात होतो म्हणून आम्ही सुटलो. डिजिटल सहीचे टोकन रोज वापरणाऱ्यांनी आपल्या टोकनचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात का, हे आधी पाहावे. दुसऱ्या बाजूच्या माणसाशी वर्डच्या फाइली सतत इकडून तिकडे होत असतील, विशेषतः तक्ते आणि सुधारणांच्या खुणांसह, तर लिबरऑफिसमध्ये मांडणी अधूनमधून हलते हे गृहीत धरावे. आम्ही बाहेर पीडीएफच पाठवतो.

खर्च झाला तो एसएसडी, रॅम आणि बॅटरीचा. ऑपरेटिंग सिस्टिमला आणि ऑफिसच्या प्रोग्रॅमला एक पैसाही पडला नाही, आणि तो कायदेशीररीत्या पडला नाही. नव्या संगणकाच्या किमतीच्या एका छोट्या हिश्शात वडिलांचे यंत्र आणखी काही वर्षांसाठी उभे राहिले. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मिंटला मी साडेचार देईन, आणि अर्धा गुण फायरवॉल व प्रिंटर यांच्यात वाटून कापेन. वडिलांनी चार दिले. खालची पट्टी इतक्या सहज नाहीशी होऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे.

तिसरा फाँट अजून मिळालेला नाही. २००३-०४च्या चार फाइली त्यात आहेत, आणि लिबरऑफिस वर त्या फाँटाचे नाव दाखवते, खाली रोमन अक्षरांची खिचडी. त्या सभांचे सह्यांसह छापील इतिवृत्त संस्थेच्या कपाटात आहे. वडिलांनी ती फाइल घरी आणली आहे आणि दुपारच्या चहानंतर रोज एक पान ते पाहून पुन्हा टाइप करतात. पाण्याच्या टाकीवरून झालेल्या वादाच्या सभेपर्यंत ते काल पोहोचले.